लायमन ४५७१९३ : जुन्या .४५-७० साठी लोखंडी साचा

साचा चांगला आहे. जड आहे, एका वेळी एकच गोळी देतो, तेलाचा हात फिरवायला विसरलात तर गंज धरतो. तरी .४५-७० काडतुसाच्या जुन्या धाटणीच्या रायफलीतून घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या कागदावर एका ठिकाणी पाडायच्या असतील, तर लायमनचा ४५७१९३ नंबरचा साचा घ्या आणि निवांत व्हा. एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. बाकीच्यांना कारण सांगतो, कारण ते डब्यावर लिहिलेलं नसतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. उमेदीची वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत गेली, मग अमेरिकेत, अॅरिझोनातल्या फिनिक्सला आलो, इथलाच नागरिक झालो, आणि आता एका मशीन शॉपमध्ये असतो. नेमबाजीचं वेड कोल्हापूरकराला नवं नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणणारा आपल्या राधानगरीकडचा स्वप्नील कुसाळे. ती मंडळी श्वास रोखून मिलिमीटर मोजतात. माझा प्रकार जरा दांडगा आहे.

पुतण्या फोनवर विचारतो, "काका, दुकानात विकत मिळतंय की! कशाला शिसं वितळवत बसताय?" त्याला दोन उत्तरं आहेत. पहिलं पैशाचं. या काडतुसाचा एकेक बार दोन डॉलरच्या वर जातो. दुसरं जास्त महत्त्वाचं: दुकानातली गोळी सगळ्यांच्या रायफलीसाठी बनवलेली असते, माझ्या नळीसाठी नाही. हे वाचून भारतात कुणी उद्योग सुरू करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार तिथे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. इथे अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं काडतूस भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकायचं म्हटलं की लागतो.

काडतुसाबद्दल थोडं. .४५-७० गव्हर्न्मेंट हे अमेरिकन सैन्याने १८७३ साली ट्रॅपडोर स्प्रिंगफील्ड रायफलीबरोबर घेतलं. नावातच सगळं आहे: .४५ इंचाची गोळी, ७० ग्रेन काळी दारू (ग्रेन हे वजनाचं छोटं माप). गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे आपल्या मापात जवळजवळ सव्वादोन तोळे शिसं. घोडदळाच्या आखूड कार्बाइनला धक्का सोसेना म्हणून त्यांना ५५ ग्रेन दारूचं काडतूस देत. सुरुवातीच्या केसेस (म्हणजे दारू भरायची काडतुसाची टोपणं) तांब्याच्या होत्या. तापल्या की फुगून चेंबरमध्ये अडकायच्या. १८७६ साली अमेरिकन सैन्य मूळ रहिवाशांकडून हरलं त्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईचा विषय निघाला की हे अडकणं निघतंच. त्याच काळात आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना (स्थापना १८६९) चालू झालेला होता, आणि ब्रिटिशांची मार्टिनी-हेन्री रायफलही याच घराण्यातली: मोठं तोंड, मऊ शिसं, काळी दारू, धिमी गोळी.

माझी रायफल मात्र स्प्रिंगफील्ड नाही. १८७४ च्या शार्प्सची इटलीत बनलेली नक्कल आहे. दहा पौंडांच्या वर वजन, मागे उभं करायचं व्हर्नियर साइट (बारीक मापाने वरखाली होणारी नेम धरायची पट्टी), आतल्या खाचा १८ इंचात एक पूर्ण फेरा घेतात अशी नळी. एका वेळी एकच काडतूस, घोडा हाताने ओढायचा. घाई करणाऱ्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये.

आता मुद्द्याचं. साचा निवडण्याआधी नळीचं माप घ्यावं लागतं. मऊ शुद्ध शिशाचा एक बोटाएवढा तुकडा तेल लावून नळीच्या तोंडाशी ठेवायचा, लाकडी हातोडीने आत बसवायचा आणि पितळी सळईने हळूहळू दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत न्यायचा. नळीतल्या चक्राकार खाचा त्याच्यावर जशाच्या तशा उठतात. उंचवट्यावर मायक्रोमीटर लावायचा. माझा आकडा ०.४५८५ इंच. शिशाच्या गोळीला यापेक्षा एक ते दोन थाऊ जास्त माप हवं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तांब्याचं कवच असलेल्या गोळीचं गणित वेगळं. तिच्यामागे दाबही वेगळा असतो. शिशाची गोळी नळीपेक्षा बारीक असली की मागचा जळता गॅस तिच्या कडेने पुढे पळतो, जाता जाता शिसं वितळवतो आणि ते खाचांमध्ये थापतो. मग गोळी फिरते की घसरते याचा भरवसा राहत नाही.

तुलनेसाठी माझ्याकडे अॅल्युमिनियमचा दोन घरांचा, म्हणजे एका वेळी दोन गोळ्या देणारा, एक स्वस्तातला साचा होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एका नगावरून कंपनी तोलणं बरं नव्हे. साचा हलका, पटकन तापणारा, भराभर गोळ्या टाकणारा. दोन्ही घरांतून गोळी पडायची ०.४५७ ची. दिसायला झकास, धारा कडक, बूड सपाट. पण माझ्या नळीपेक्षा दीड थाऊ बारीक. फौंड्रीत आम्ही असल्या मालाला एकच शब्द वापरायचो: रिजेक्शन. माल दिसायला कितीही देखणा असो, गेजमध्ये बसला नाही की परत भट्टीत.

लायमनचा साचा हातात घेतला की फरक वजनातच कळतो. दोन लोखंडी ठोकळे, मिटल्यावर मधली रेघ दिव्यासमोर धरली तरी उजेड येत नाही. गोळी चपट्या तोंडाची आणि सपाट बुडाची, अंगावर मेणासाठी चर. हँडल वेगळे घ्यावे लागतात, हे ऑर्डर करताना लक्षात ठेवा. नवा साचा आधी साबणाच्या गरम पाण्याने आणि ब्रशने धुवायचा, कारण कारखान्यातून निघताना त्याला गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं. तेलाचा अंश राहिला की गोळीवर सुरकुत्या.

ओतण्याचा भाग माझ्या आवडीचा, म्हणून इथे जरा रेंगाळतो. मिश्रधातू मी २०:१ वापरतो, वीस भाग शिसं आणि एक भाग कथील. कल्हईवाल्याचं तेच कथील. त्याचं काम रस पातळ करून साच्याच्या प्रत्येक कोपऱ्यात पोचवण्याचं. ब्रिनेल कठिणता (धातू किती कडक ते सांगणारा आकडा) दहाच्या आसपास येते. शुद्ध शिसं पाचाच्या आसपास असतं. जुन्या छापखान्यातली लायनोटाइपची धातू (८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील) बावीसपर्यंत जाते, पण ती या कामाला फार कडक. शिसं ३२७ अंशांना वितळतं, मी भट्टी चारशेच्या थोडी खाली ठेवतो. वर आलेली मळी लाकडाचा भुसा टाकून ढवळून काढायची. भुशाचा जाळ होतो, घाबरायचं काही नाही, पण गॅरेजचं दार सताड उघडं पाहिजे आणि पाण्याचा थेंबही जवळ नको. वितळलेल्या शिशात ओल गेली तर रस अंगावर उडतो.

लोखंड तापायला वेळ घेतं. साचा गार असताना पडलेल्या गोळ्या पहिल्या आंबोळीसारख्या, सुरकुतलेल्या. त्या सरळ परत भट्टीत. साच्याने एकदा ताप धरला की मग लय लागते. पळीने रस ओतायचा आणि वरच्या पट्टीवर मुद्दाम चांगला मोठा थेंब साचू द्यायचा. आपल्या भाषेत तो रायझर: आतलं शिसं गोठताना आकसतं आणि वरच्या थेंबातून रस ओढून घेतं. थेंब छोटा राहिला तर बुडात पोकळी आलीच म्हणून समजा. थेंबाचा आरसा लख्ख असतो. बघता बघता त्यावर धुकं चढतं आणि मधोमध एक बारीक खळगा पडतो. त्यानंतर सहा-सात आकडे मोजायचे आणि हातमोजा घातलेल्या हाताने पट्टी फिरवायची. पट्टीने थेंब कापताना कचकचलं तर जास्त थांबलात. बुडावर शिसं फराटलं तर घाई केलीत. गोळी घडी घातलेल्या टॉवेलवर पाडायची. फरशीवर नाही, कारण गरम शिशाला लगेच पोचा येतो.

माझ्या साच्यातून गोळी पडते ०.४६१ ची, वजन ४१२ ग्रेनच्या आसपास. लायमनने दिलेला ४०५ चा आकडा कडक धातूसाठी आहे. मऊ धातूत शिसं जास्त, म्हणून वजन जास्त. यात बिघडलेलं काही नाही. साईझरमधून (गोळी दाबून ठरल्या मापाची करणाऱ्या साधनातून) काढून मी ती ०.४६० ची, म्हणजे नळीपेक्षा दीड थाऊ मोठी ठेवतो. या साच्याची किंमत मी या दीड थाऊसाठी मोजली. मोठी गोळी लहान करता येते, लहान गोळी मोठी करणं त्रासाचं. चरांमध्ये मधमाशीचं मेण आणि चरबीचं मिश्रण. फिनिक्सच्या उन्हात भरलेली काडतुसं गाडीच्या डिकीत ठेवू नका. मेण पातळ होऊन खालच्या दारूत उतरतं आणि बार फुसका जातो.

चाचणी बेन ॲव्हरीला घेतली, अॅरिझोना गेम अँड फिश खात्याची मोठी रेंज आहे ती. १०० यार्ड, बाकावर वाळूच्या पिशव्या, सकाळी लवकर, कारण दहाच्या पुढे तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरायला लागते आणि टार्गेट नाचतं. प्रत्येक प्रकाराचे पाच-पाच बार. तीन बारांच्या ग्रुपवर (ग्रुप म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा) विश्वास ठेवू नये. तीन गोळ्या नशिबानेही जवळ पडतात.

बिनधुराची दारू म्हणून अॅक्युरेट ५७४४. या मोठ्या केसमध्ये थोडी दारू नुसती तळाशी लोळत असते, आणि नळी वर होती की खाली यावरून वेग बदलतो. ५७४४ याबाबतीत शहाणी आहे. किती ग्रेन ते मी लिहिणार नाही. मॅन्युअल उघडा, आणि त्यात .४५-७० चे तीन वेगळे विभाग असतात ते नीट बघा: ट्रॅपडोरसाठी, लिव्हर अॅक्शनसाठी (खालचा दांडा ओढून काडतूस भरणाऱ्या रायफली), आणि रूगर नंबर वनसारख्या दणकट रायफलींसाठी. तिसऱ्या विभागातला आकडा पहिल्या विभागातल्या रायफलीत घातला तर रायफल आणि चेहरा दोन्ही जातील. सामीने (दारूगोळ्याची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) या काडतुसाला ठरवलेली दाबाची मर्यादा २८,००० पीएसआयच आहे, आणि मी त्याच्या बरीच आत राहतो. दुसरा धोका दोनदा दारू पडण्याचा. केस एवढी मोठी की दुप्पट माप पडलं तरी वरून कळत नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी सगळ्या केसेस फळीवर उभ्या करून बॅटरीच्या उजेडात एकेकीत डोकावून बघतो.

अॅल्युमिनियमच्या साच्यातली ०.४५७ ची गोळी: साडेपाच इंचांचा ग्रुप, आणि पाचांतली एक गोळी कागदातून किंचित आडवी गेलेली, भोक लांबट. नळीत बघितलं तर तोंडाकडच्या भागात शिशाच्या चकाकत्या रेघा. लायमनची ०.४६० ची गोळी, तीच दारू, तेच प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टिकली), त्याच केसेस: दोन इंचांच्या जरा आत. पुन्हा मारला, पुन्हा तेवढाच. नळी साफ, फडक्यावर नुसता काळा मेणचट डाग. माझ्या वयाच्या डोळ्यांना, दुर्बिणीशिवाय, यापेक्षा जास्त अपेक्षा नाही. नाद खुळा!

मग काळी दारू भरली, आणि इथे खरी गंमत आली. काळी दारू केसमध्ये मोकळी जागा न ठेवता, गोळीखाली किंचित दाबून भरतात. बाकावर आवाज वेगळा, धक्का वेगळा, आणि पांढऱ्या ढगात टार्गेट गायब. कोल्हापुरी भाषेत, जाळ अन् धूर संगटच! शेजारच्या बाकावरचे आजोबा आपली खुर्ची वाऱ्याच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. लायमनच्या गोळीचा ग्रुप तसाच, दोन इंचांच्या आसपास. पण बारीक ०.४५७ ची गोळी साडेपाचावरून तीन इंचांवर आली! गोळी तीच, साचा तोच.

कारण साधं आहे. काळी दारू एकदम पेटते आणि मऊ गोळीच्या बुडावर हातोडा बसावा तसा दाब देते. पुढचा भाग अजून जागचा हललेला नसतो, तोवर मागचा भाग फुगून खाचा भरून टाकतो. म्हणजे गोळी नळीतच स्वतःचं माप घेते. १८७३ च्या मंडळींनी मऊ शिसं वापरलं ते उगाच नव्हे. बिनधुराची दारू हलक्या भरणात तसा दणका देत नाही, म्हणून तिथे गोळी मुळातच योग्य मापाची लागते. कडक धातूची गोळी सगळ्यात चांगली असं दुकानात हमखास सांगतात. कमी दाबाच्या या जुन्या काडतुसात ते उलटं पडतं: कडक आणि बारीक गोळी फुगतही नाही, बसतही नाही. तेव्हा तुम्ही फक्त काळी दारूच वापरणार असाल, तर स्वस्त साचाही बऱ्यापैकी निभावून नेईल. हे लायमनची शिफारस करतानाही सांगितलं पाहिजे.

आणखी एक प्रयोग केला. लायमनच्याच पाच चांगल्या गोळ्यांच्या बुडाच्या कडेला कानसीने एकेक खाच पाडली, आणि दुसऱ्या पाचांच्या तोंडावर तशीच खाच. तोंडावर खाच असलेल्यांचा ग्रुप अडीच इंच. बुडावर खाच असलेल्यांचा सहा इंचांच्या पुढे. गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडते त्या क्षणी गॅस बुडाच्या कडेवरून सुटतो. एका बाजूने आधी सुटला तर गोळीला ढोसणी बसते. म्हणून साच्याची वरची पट्टी सपाट आणि घट्ट बसलेली असणं हे देखण्या तोंडापेक्षा महत्त्वाचं. या साच्याची पट्टी तशी आहे. स्क्रू मात्र तापल्यावर ढिला होतो, अधूनमधून आवळत राहा.

गोळ्या वजनाने वेगळ्या करण्याचा अनेकांना सोस असतो. एक ग्रेन इकडे, एक ग्रेन तिकडे असे डबे भरून मारून बघितलं. १०० यार्डांवर मला काही फरक दिसला नाही. ५०० मीटरवर लोखंडी मेंढ्याला मारायचं असेल तर गोष्ट वेगळी. इथल्या काळ्या दारूच्या सिल्हूट (जनावरांच्या लोखंडी आकृत्या पाडण्याच्या) स्पर्धांत कोंबड्या २०० मीटरवर, डुकरं ३०० वर, टर्की ३८५ वर आणि मेंढे ५०० वर असतात, आणि कोंबड्या उभ्याने, टेक्याशिवाय मारायच्या. त्या मंडळींनी लांब, ५०० ग्रेनच्या गोळीकडे जावं. ही चपट्या तोंडाची गोळी हवेत लवकर दमते.

कुणी घेऊ नये तेही सांगतो. ज्याला तासाभरात शेकडो गोळ्या हव्यात त्याला एका घराचा साचा वैताग आणेल. ज्यांच्या घरात लहान मुलं गॅरेजमध्ये खेळतात त्यांनी आधी जागेची सोय करावी, साच्याचं नंतर बघावं. शिसं हाताला लागतं, हातावरून पोटात जातं. मी काम चालू असताना चहासुद्धा पीत नाही, कपडे वेगळे धुतो आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घेतो. शिकारीला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: अॅरिझोनाच्या उत्तरेला कोंडोर गिधाडं आहेत, आणि मेलेल्या जनावरातलं शिसं खाऊन ती मरतात. तिकडे बिनशिशाची गोळी वापरा अशी खात्याची विनंती असते. सक्ती नाही. मी माझं शिसं कागदापुरतं ठेवतो.

लिव्हर अॅक्शनवाल्यांसाठीही हा साचा चालतो. नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक टेकलेली असतात, तिथे टोकदार गोळी पुढच्याच्या प्रायमरवर टेकून बार उडण्याचा धोका असतो. या चपट्या तोंडामुळे ती चिंता नाही. फक्त काडतुसाची एकूण लांबी तुमच्या रायफलीतून सुरळीत फिरते का ते एक रिकामं, बिनदारूचं, बिनप्रायमरचं काडतूस बनवून आधी बघा.

काम संपल्यावर शेवटची गोळी साच्यातच राहू देतो, पट्टी न कापता. साचा तसाच गार होतो आणि आतली घरं हवेपासून झाकलेली राहतात. बाहेरून तेलाचं फडकं, आणि कपाटात. जुलै-ऑगस्टमध्ये इथेही मान्सून येतो, तेव्हा शेजारी सिलिका जेलची पुडी.